राखीव पाच

“सात दिसत्यात. पाच कुठं हायत?” मैदानावर आले की वस्तादांचं पहिलं वाक्य हेच. खेळणाऱ्या सातांकडे ते ढुंकूनही बघायचे नाहीत. आधी राखीव पाच पोरं मोजायची, मगच शिट्टी.

शिरूर कासारात त्यांची पिठाची गिरणी होती. भुवयांवर पीठ, गळ्यात शिट्टी आणि पोट असं की पोरं म्हणायची, “वस्ताद, तुमाला कवळ घालायला दोघं लागतील.” “दोघांत भागतंय का बे!” म्हणत तेच आधी हसायचे.

गावोगावच्या कबड्डीत असा माणूस तुम्हीही पाहिला असेल. पण त्यांचा एक हट्ट मी दुसरीकडे पाहिला नाही. संघाला मिळेल तो पैसा बारा जणांत सारखा वाटायचा. मी कप्तान, तरी मला आणि बाकावरच्याला सारखंच! मला लई राग यायचा.

“कावून देता त्यांना? नुसते बसत्यात तर.”

“न्हाई दिलं तर उसाला जात्यात. मग तू पडलास की कुणाला उतरवू?”

गेल्या हंगामात आमच्यातला एक जण पुण्याला कामाला गेला. त्याच्या जागी राखीवांतला घ्यायचा सोडून मी हट्टाला पेटलो. बाहेरून नावाजलेला चढाईवाला आणू, धारूरच्या स्पर्धेची ढाल आपलीच! बाकीच्यांनाही मीच फितवलं. वस्ताद दोन दिवस गिरणी सोडून मैदानावर आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, “आणा.” राखीवांचा सगळा वाटा त्या एकाला गेला. आठवड्याभरात पाचही पोरं टोळीबरोबर ऊसतोडीला निघून गेली. यादी अगदीच मोकळी दिसू नये म्हणून वस्तादांनी आठवं नाव स्वतःचं लिहिलं.

धारूरला अंतिम सामन्यात त्या बाहेरून आणलेल्या पाहुण्याचा गुडघा मुरगळला. आम्ही सहा उरलो, एका गुणाने मागे. सहांवरही खेळता आलं असतं हो. पण मी ओरडलो, “वस्ताद, तुमीच उतरा की! नाव हाय तुमचं!”

लोक हसले. वस्तादही हसले आणि पाहुण्याची जर्सी पोटावर ओढत आत आले. कबड्डी कबड्डी म्हणत चढाईला गेले. चौघांनी धरलं, मग सोडलं. वस्ताद उठलेच नाहीत. दवाखान्यात पोहोचेपर्यंत सगळं संपलं होतं.

त्या दिवसापासून मी मैदानाकडे फिरकलो नाही. माझ्यामुळे गेले ते, दुसरं काय म्हणू?

ऊसतोड संपल्यावर पाचही पोरं परतली, ती थेट वस्तादांच्या घरी गेली. मीही मागोमाग गेलो. वस्तादांच्या बायकोने, आमच्या काकूंनी, सगळ्यांना बसवलं. मग म्हणाल्या, “या वयात त्यांना उतरा म्हणून कुणी म्हणलं रे?”

पोरं एकमेकांकडे बघू लागली. ती त्या दिवशी तिथं नव्हतीच.

“मी, काकू.”

काकू उठल्या. मग आत गेल्या आणि सहा ताटं वाढून आणली.