भुईबलेचा नेवता

सावली गावाकडच्या तलावाच्या पाळीवर चिकण्याच्या झुडपांच्या जाती बहिणी-बहिणींसारख्या पसरल्या होत्या. फुलं सगळ्यांची तीच, बारीक, पिवळी. एखादी जरा मान वर काढते, एखादी भुईला अंग टेकून पडते. त्यांतल्या एका झुडपाला संध्याकाळी गोकुळाने लाल दोरा पाहिला. बुडाशी हळद लावलेले तांदूळ.

झुडूप अगदी तिच्या कुंपणाला लागून, आणि पावसाळ्यापासून तिचा गुडघा धरलेला. पलीकडे थोरली जाऊ रुखमा. मासळीच्या वाट्यावरून दोघींची कुरबुर चाललेली. करणी दुसरं कोण करणार?

फटफटताच ती कुंपणाशी गेली, तर खुरपं घेऊन तिचा नवरा इस्तारी उकिडवा बसलेला.

"का करून राह्यले जी इथी?"

जाळं टाकतानाही ज्याची टकळी थांबत नसे, तो इस्तारी गप्प. नुसते हातवारे, जा, जा!

"वाचा गेली का तुमची? बाई व, याहिच्यावरबी टाकली का करणी!"

पदर खोचून ती लंगडत रुखमाच्या दारावर धडकली. "निंगा बाहेर! गावाले कळू द्या, तुमी चे..."

तो शब्द पुरा झाला असता, तर रुखमाला गावात तोंड दाखवणं कठीण झालं असतं. इस्तारीने बायकोच्या गुडघ्याकडे पाहिलं, वहिनीच्या दाराकडे पाहिलं आणि ओरडला, "थांब! मीच ठेवले तांदूळ! तुह्या गुडघ्यासाठी भुईबलेले नेवता देला होता, सकाळी मूळ न्याले येतो म्हून. मूळ काढेपर्यंत बोलाचं नाई म्हनते वैदू. आता गेला गुन!"

दार उघडलं. रुखमाच्या हातात खराटा. तिने दोरा पाहिला अन् फिसकन हसली.

"कोनाले नेवता देला रे इस्तारी? हा खराट्याचा चिकणा. भुईबला त्याच्या बुडाशी झोपली हाये. तिले कोनी बोलावलंच नाई, तं गुन जाईन कसा?"

इस्तारी हरखून दोरा सोडू लागला. गोकुळा हळूच मागे सरकली.

"गोकुळा," रुखमाने खराटा आडवा धरला. "त्या 'चे'च्या पुढं का होतं व?"

"चेहरा. चेहरा उतरला तुमचा, म्हनत होतो बाई."

"असं?" रुखमा अंगण झाडू लागली. पण नजर गोकुळावरून हटेना.