डाव्या हाताला काय

अंबडच्या कोर्टासमोर पत्र्याच्या शेडात ते वकील बसायचे. आई गेल्यावर तिचं घर विकायला काढलं, तेव्हा एकदाच भेटले. घर घेणारे गृहस्थ माझ्या शेजारीच बसले होते.

खरेदीखतात घराच्या चारही बाजूंना काय आहे ते लिहावं लागतं. मी जुना कागद पुढे केला. वकिलांनी तो पालथा ठेवला, चष्मा कपाळावर सरकवला आणि म्हणाले, "डोळे मिटा. घराकडं पाठ करून दारात उभे राहा. आता सांगा."

मी डोळे मिटले. शेडातला कलकलाट हळूहळू विरत गेला. समोर गल्ली दिसली, उजव्या हाताला मास्तरांची पडवी, मागे विहीर.

"डाव्या हाताला काय?"

"खालाचं घर. भिंत दोघांची. तिच्यात एक खिडकी आहे." खाला म्हणजे आमची शेजारची मावशी; त्या खिडकीतून आईची वाटी तिच्याकडे जायची. ती रिकामी कधी परत आली नाही.

"खाला हायेत?"

"आहेत. संध्याकाळी त्या खिडकीशीच बसतात."

"मंग खिडकी कागदात पाहिजे. न्हाई तं उद्या कोणी बी बुजवून टाकंल." ते घेणाऱ्यांकडे वळले. "राहू द्यायची?"

गृहस्थ म्हणाले, "लिहा."

वकिलांनी ती ओळ दोनदा वाचून दाखवली.

त्यांचं नाव शिक्क्यावर असेल, मी पाहिलं नाही. घर आता माझं नाही. पण डोळे मिटले की मी त्याच दारात उभा असतो आणि कुणीतरी सावकाश विचारतं, "डाव्या हाताला काय?"