कॅसेटमधली आई

आईचा एकच फोटो आमच्या घरात आहे आणि तो ती गेल्यानंतर काढलेला आहे. आमच्यात माणूस गेलं की त्याला आडवं ठेवत नाहीत. मांडी घालून बसवतात, कपाळाला भस्म लावतात, हार घालतात आणि उचलायच्या आधी फोटोग्राफरला बोलावतात. जन्मात कधी कॅमेऱ्यासमोर न आलेल्या माणसाचाही हा एक फोटो निघतोच. आई तशी भिंतीवर बसलेली आहे. डोळे मिटलेले, मागून कुणीतरी धरल्यामुळे मान जरा जास्तच ताठ, आणि मांडीवर वर आलेलं डावं पाऊल. त्या पावलाला करंगळी नाही. अगदी लहानपणी, नुकती चालायला लागली तेव्हाच, माहेरी बैलगाडीच्या चाकाखाली गेली, असं आत्या सांगायची.

आई गेली तेव्हा मी रांगत होते. त्यामुळे माझ्याजवळ तिचं जे काही होतं ते त्या फोटोत होतं, आणि तो फोटो मला आवडत नव्हता. मी जेवताना त्याच्याकडे पाठ करून बसायचे. आत्या रागवायची. रागवू दे, असं मला वाटायचं.

आईचं माहेर गेवराईकडे, गोदावरीच्या काठाला. ती परकर-पोलक्यात असताना तिथल्या घाटावर एका सिनेमाची मंडळी आली होती. सिनेमाचं नाव घेत नाही, पण जुन्या लोकांना तो अजून तोंडपाठ आहे. गावातल्या पोरींच्या डोक्यावर घागरी देऊन त्यांना पायऱ्या चढायला लावलं होतं. त्यात आई होती. लग्न झाल्यावर तिने ही गोष्ट अप्पांना, म्हणजे माझ्या वडिलांना, पुन्हा पुन्हा सांगितली. वर पोचल्यावर तिने मागे वळून बघितलं आणि त्यावरून टोपी घातलेला एक माणूस तिच्यावर खेकसला. तो सिनेमा तिने स्वतः कधी बघितला नाही. माहेरी पोरींना तंबूतल्या सिनेमाला पाठवत नव्हते, आणि लग्नानंतर तो आष्टीत पुन्हा लागलाच नाही. लागला की जाऊ, असं अप्पा म्हणाले होते.

आष्टीत आमचं भांड्यांचं दुकान. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेली माणसं जर्मनची, म्हणजे अॅल्युमिनियमची, पातेली न्यायला येत आणि तेवढेच दिवस दुकानात उभं राहायला जागा नसे. बाकी वर्षभर अप्पा डबे पुसत बसत. स्टँडसमोर व्हिडिओ लायब्ररी निघाली तेव्हा मी सातवीत होते. त्या काळात गावात रोज काहीतरी नवीन निघत होतं, टेलिफोनचं बूथ, रंगीत थंड पाण्याच्या बाटल्या, छतावर डिशच्या छत्र्या. अप्पांना त्यातलं काहीच खपत नव्हतं. पण लायब्ररीवाल्याने कंपनीची नवी कॅसेट आली म्हणून त्या सिनेमाचं नाव घेतलं आणि अप्पा दुकान उघडं टाकून कॅसेट आणि भाड्याचा व्हीसीआर घरी घेऊन आले.

घाटाचा प्रसंग आला तसे ते टीव्हीच्या इतके जवळ सरकले की आम्हाला बाजूने वाकून बघावं लागलं. पाच-सहा पोरी पायऱ्या चढत होत्या. कॅसेटचं चित्र दुधात पाणी घातल्यासारखं, घागरी कुठल्या आणि डोकी कुठली कळत नव्हतं. सगळ्यात वरच्या पायरीवर पोचलेली एक पोरगी थांबली, तिने मान वळवून मागे बघितलं, हसली आणि गेली.

"हीच," अप्पा म्हणाले. "बघितलं का, वळली. ती सांगायची तशीच वळली."

आत्या पदर तोंडाला लावून बसली.

अप्पांनी ती कॅसेट परत केलीच नाही, विकत घेतली. पुढे व्हीसीआरही आला. सोमवारी पूजा झाली की ते कॅसेट लावत, पोरगी वळली की अंगठ्याने बटण दाबून चित्र थांबवत आणि बघत बसत. थांबवलेलं चित्र थरथरायचं. त्या थरथरत्या चेहऱ्यावर मी माझी सगळी आई उभी केली. मला तिचं चालणं मिळालं, हसणं मिळालं. आरशासमोर उभी राहून मी तशी मान वळवायला शिकले, आधी डोळे, मग हनुवटी, मग खांदा. पुढे ते इतकं अंगात मुरलं की शाळेत कुणी हाक मारली तरी मी तशीच वळायचे. अप्पांनी ते एकदा बघितलं आणि म्हणाले, "मान आईची घेतलीस बग." त्या दिवशी मला कुणी काही दिलं असतं तरी नको होतं.

एकाच जागी थांबवून थांबवून कॅसेटची फीत तिथेच घासली. आधी एक पांढरी रेघ आली, मग रेघांचं जाळं. बाकी सगळा सिनेमा धड होता. ज्या खलनायकाचं तोंड बघवत नव्हतं तो लख्ख दिसायचा आणि आई वळायला लागली की पडद्यावर वाळूचं वादळ उठायचं. आमचं नशीबच असलं. जे रोज हातात घ्यावं तेच झिजतं, हे भांड्यांच्या दुकानदाराला तरी कळायला हवं होतं.

मग सीडी आली. अप्पा माल आणायला नगरला गेले होते, तिथून घेऊन आले. डबीत दोन चकत्या. पहिली चकती पोरी घागरी उचलतात तिथे संपली. दुसरी लावली तर नायिका घरात भाकरी थापत होती. मधला घाट कुणीतरी गिळला होता. अप्पांनी दोन्ही चकत्या फडक्याने पुसून पुन्हा लावल्या, तरी तेच. पुढच्या खेपेला ते त्या दुकानात गेले. मी सोबत होते.

"ह्यात घाट न्हाई," अप्पा म्हणाले.

"काका, पिक्चर पुरा हाय," दुकानदार म्हणाला. "हिरो हाय, हिरोईन हाय, गाणी समदी हायेत. घाटावर तर कुनीच नव्हतं."

मी त्याला काय वाट्टेल ते बोलणार होते. अप्पांनी माझा दंड धरला आणि बाहेर आणलं. स्टँडवर उसाचा रस घेऊन दिला आणि स्वतः प्यायले नाहीत.

नंतर मी शिक्षिका होऊन नगरलाच राहू लागले. तिथे एका दुकानात त्याच सिनेमाची डीव्हीडी दिसली. मूळ रीळ धुऊन-पुसून नवी प्रत केली आहे, असं वेष्टणावर छापलं होतं. मी डीव्हीडी घेतली, लावायचं यंत्रही घेतलं आणि रविवारी आष्टीला गेले. बसमध्ये ती डबी मी मांडीवर धरून बसले होते. अप्पांना आई स्वच्छ दिसेल, एवढंच डोक्यात होतं. खरं म्हणजे मलाच बघायची होती.

दुपारी अप्पा चष्मा पुसून बसले. आत्या तोवर गेली होती, तिचाही फोटो आईशेजारी लागला होता. सिनेमा सुरू झाला. काय चित्र होतं. दगडाच्या भेगा दिसत होत्या, घागरीतून सांडलेलं पाणी दिसत होतं. पण रुंद टीव्हीत बसवायला कंपनीने चित्र वरून आणि खालून कापलं होतं. पोरी चढत वर गेल्या तशा त्यांच्या घागरी गेल्या, मग डोकी गेली. वरच्या पायरीवरची पोरगी थांबली तेव्हा तिला मानच नव्हती. परकराचा घेर तेवढा वळला आणि ओल्या दगडावर तिचं डावं पाऊल टेकलं, पडद्याच्या मधोमध.

त्या पावलाला पाची बोटं होती. करंगळी जरा बाहेर झुकलेली, चांगली धडधाकट.

मी भिंतीकडे बघायचं टाळलं. मग बघितलं. अप्पांनी थांबवायचं बटण दाबलं होतं. हे चित्र थरथरत नव्हतं. त्यांनी ते पाऊल बघितलं, फोटोतलं बघायची त्यांना गरज नव्हती, आईचं पाऊल त्यांनी संसारात रोज बघितलं होतं. घाटावर सगळ्याच पोरी मागे वळून बघत असतील, कॅमेरा काय रोज येतो का. ज्यांच्यावर टोपीवाला खेकसला त्यांची चित्रं त्याने कधीच काढून टाकली असतील. इतकी साधी गोष्ट मला तोवर सुचली नव्हती. मला माझ्यावर राग आला, अप्पांवर आला, त्या कंपनीवर तर इतका आला की डबी चुलीत घालावी. धुवायचं होतं तर चेहरा ठेवायचा होता, कापायचं होतं तर पाय कापायचे होते.

"अप्पा," मी म्हटलं.

"आता कुनाचेबी पाय दावतेत हे," ते म्हणाले. "ती जुनी लाव. कॅशेट."

"अप्पा, त्यात काही दिसत नाही."

"लाव म्हनलं ना."

मी माळ्यावरून व्हीसीआर काढला, धूळ झटकली, वायरी जोडल्या. कॅसेट सुरू झाली. पोरी पायऱ्या चढल्या, धुरकट, बिनपायांच्या. मग रेघा आल्या आणि पडदा भरून गेला. अप्पा पुढे सरकून त्या रेघांसमोर बसले. बटण दाबायचं त्यांना कारण नव्हतं, तरी अंगठा तयार होता.

"हां, हितं हाय ती," ते म्हणाले. "आता वळंल."

मला तिथे बसवेना. मी चहा टाकायचं निमित्त करून उठले आणि दारापर्यंत गेले. अप्पांनी मागून हाक मारली, बघ की गं, म्हणाले. मी वळले. आधी डोळे, मग हनुवटी, मग खांदा. अप्पा टीव्ही सोडून माझ्याकडे बघत होते आणि त्यांचे डोळे भरले होते. ती मान त्या घाटावरच्या कुठल्याशा पोरीची होती. मला दुसरी येत नव्हती.