काकाच्या बोटांचं गाऱ्हाणं

श्रावणातला रविवार. मुलुंडच्या आमच्या चाळीत काका सकाळी उठला आणि त्याला शर्टाची बटणंच लावता येईनात. साल सत्त्याऐंशी असावं.

काका म्हणजे बाबांचा धाकटा भाऊ, वसंत. कांजूरमार्गला कंपनीत नोकरी, पण जीव सगळा पखवाजात. आमच्या कोकणी भजन मंडळात त्याच्याशिवाय गजर चढायचाच नाही... काय बोटं चालायची हो त्याची!

आधी वाटलं, वात असेल. मग दोन्ही हातांचे सांधे सुजून टम्म, अंगात बारीक ताप. झालं! अख्ख्या चाळीनं निदान करून टाकलं, वसंताची प्रतिकारशक्ती संपली.

मग काय विचारता... कुणी गावाहून गुळवेल मागवली, कुणी डबाभर डिंकाचे लाडू. एकानं तर श्रावण असून ब्रँडीत अंडं फेटून आणलं! मंडळाच्या बुवांनी नारळ ठेवून रीतसर गाऱ्हाणं घातलं, "वसंताच्या अंगातली शक्ती दुप्पट कर रे महाराजा!" आणि सगळे एका सुरात, "व्हय महाराजा!"

मोठ्या हॉस्पिटलातल्या डॉक्टरांनी मात्र भलतंच सांगितलं. संधिवाताचा वाईट प्रकार आहे, शरीर स्वतःच्याच सांध्यांवर उठलंय, ही प्रतिकारशक्ती दाबायला हवी. काकानं गोळ्या घरी आणल्या आणि फळीवर ठेवून दिल्या. आधीच शक्ती नाही, त्यात ती कमी करायची गोळी? डॉक्टरला वेडबिड लागलंय काय!

मी तेव्हा बीएस्सीच्या शेवटच्या वर्षाला, मायक्रोबायोलॉजी. पेशी एकमेकींना निरोप धाडतात, ते आम्हाला नुकतंच शिकवलं होतं. आज त्या निरोप्या रेणूंना सायटोकाइन म्हणतात, कोविडमध्ये हा शब्द सगळ्यांच्या तोंडी झाला. आमच्या वह्यांत तेव्हा इंटरफेरॉन, इंटरल्युकिन असली नावं होती... शिकवताना आमच्या मॅडमसुद्धा अडखळायच्या.

काकाला मी भजनाच्याच भाषेत सांगितलं. जंतू शिरला की दारावरच्या पेशी पहिल्यांदा बोंब मारतात. त्यांना शिकवावं लागत नाही, ते काम जन्मजातच. त्यांच्या निरोपावर सूज येते, ताप येतो, आणि मागे बसलेल्या पेशी उठतात... नेमका शत्रू ओळखून लढणाऱ्या आणि त्याला पुढच्या खेपेसाठी लक्षात ठेवणाऱ्या.

मग या मागच्या पेशीही निरोप धाडून पुढच्यांना आणखी चेव आणतात. बुवा आणि कोरस एकमेकांना चढवतात ना, तसं. काम झालं की 'आता पुरे' सांगणारेही निरोप असतात. पण काका, तुझ्या सांध्यात शत्रूच नाही, आणि चढवणारे थांबायचं नाव घेत नाहीयेत...

काका बोटांकडे बघत राहिला. "म्हंजे गजर चढलो, पण हात वर करून थांबवणारो बुवाच नाय?"

अगदी तेच! मला तर उड्या माराव्याशा वाटल्या.

पुढच्या भजनाला काकानं स्वतः नारळ ठेवला. "शक्ती बरीच दिलंस, आता ती जरा आवर रे महाराजा!" सवयीनं सगळे "व्हय महाराजा" ओरडून मोकळे झाले, आणि मग एकमेकांची तोंडं बघत बसले.

गोळ्या सुरू झाल्या. गणपतीपर्यंत सूज उतरली आणि काकानं असा पखवाज वाजवला की बुवांना दम लागला. आम्हाला वाटलं, सुटलो.

पण त्या गोळ्या सगळ्यांनाच गप्प करायच्या, कामाच्या निरोपांनासुद्धा. चेहरा सुजला, साखर वाढली, डॉक्टरांना डोस कमी करावा लागला. थंडीत बोटं पुन्हा टम्म...

तेव्हा काकानं मला विचारलं, "त्यातलो एकच आवाज बंद करूचा औषध गावत नाय काय गो?" मी मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, प्रश्न अगदी बरोबर आहे, जगात लोक त्याच्याच मागे लागलेत, पण अजून हातात काही नाही. घरी येऊन काकाला 'अजून नाही' एवढंच सांगितलं.

पुढच्या तीन-चार वर्षांत बोटं करंगळीकडे वळत गेली. काका भजनाला यायचा, पण मागे बसायचा. साधे टाळही धरवत नव्हते त्याला.

आणि मग कितीतरी वर्षांनी ते औषध आलं. खरंच आलं... सूज पेटवणारा एकच निरोप नेमका अडवणारं इंजेक्शन. मी काकाला घेऊन घाटकोपरच्या डॉक्टरांकडे धावले. त्यांनी बोटं हातात घेतली, हळूच वळवून बघितली. म्हणाले, दुखणं कमी होईल, सूजही उतरेल, पण वाकलेली बोटं आता सरळ होणार नाहीत.

मला रडू आवरेना. काका मात्र बाहेर आल्यावर म्हणाला, "आता ज्या पोरांका ह्यो आजार होतलो, ती वाजवतली मा?"

वाजवतील, म्हटलं.

काका गेला, त्यालाही आता बरीच वर्षं झाली. आज हा आजार झालेली कितीतरी पोरं लिहितात, वाजवतात, सगळं करतात. ज्यांनी हे औषध शोधलं त्यांचे आभार मानावे तेवढे थोडे, मानतेही मी...

पण माझ्या काकाची बोटं वाचायला हवी होती हो.