आठ सिलिंडरवाल्या बाई

जर्मनीत, बोब्लिंगेनजवळच्या भंगार गाड्यांच्या यार्डात त्या मला एकदाच भेटल्या. सत्तरीच्या असाव्यात. पांढरी वेणी, निळा बॉयलर सूट आणि ओठांवर लालभडक लिपस्टिक. मी हॉट रॉडचं, म्हणजे घरी बांधायच्या जुन्या धाटणीच्या दणकट गाडीचं, किट घेतलं होतं. त्यात सांगाडा आणि पत्रे येतात, इंजिन आपलं आपण शोधायचं. आठ सिलिंडरच्या एका धुडासमोर मी हरखून उभा होतो.

"पहिलीच गाडी बांधतोयस?" त्यांनी जर्मनमध्ये विचारलं.

"हो," मीही जर्मनमध्येच म्हणालो.

त्यांनी माझा दंड धरून मला एका ठोकलेल्या गाडीपाशी नेलं. यार्डवाल्याला तिचं चार सिलिंडरचं इंजिन चालू करायला लावलं, आणि मांजर कुरवाळावं तसा त्यावर तळहात ठेवून डोळे मिटले.

"हे घे. हलकं आहे, सुटे भाग कुठेही मिळतात. पहिली गाडी मिरवायला नसते, पुरी करायला असते."

मला पटलं. मी ते घेतलं. वळून बघतो तर बाई ते आठ सिलिंडरचं धूड स्वतःच्या ट्रेलरवर चढवून घेत होत्या!

"अहो, हे काय?" माझ्या तोंडून मराठीच निघालं.

त्यांना ते बरोबर कळलं. "माझी ही चौथी गाडी आहे!" म्हणत त्या खदखदून हसल्या.

आपण फसलो की काय, असं घरी पोचेपर्यंत वाटत राहिलं. पण वसंतात माझी गाडी खरंच रस्त्यावर आली. बायको शेजारी बसली होती, आणि पुढच्या गाडीत कोणतं इंजिन घालायचं, हे मी तिला रंगात येऊन सांगत होतो.