शेवटच्या धारा वासराच्या

२०२३ साल. मला बाहत्तरावं लागलेलं. शाळा मी चौथीतच सोडली, तरी वस्तीवरच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, दूध गोठ्यातून दुकानात कसं जातं ते पोरांसाठी लिहून द्या. लिहितो. पण त्या वर्षी मी स्वतः त्या दुधाच्या मागं का गेलो, ते आधी सांगितल्याशिवाय माझा हात पुढं सरकायचा नाही.

बेलापूरच्या अलीकडं आमची वस्ती. दावणीला जन्मभर म्हशी होत्या. त्या साली पहिल्यांदा संकरित गाय घेतली, ती व्याली. धार मीच काढायचो. आमच्यात रीत अशी, की वासराला जरा वेळ लावायचं, गाय पान्हावली की बाजूला बांधायचं, धार काढायची, आणि कासेत थोडं दूध राखून वासरू परत सोडायचं. शेवटच्या धारा वासराच्या. माझा बाप तसंच करायचा.

दूध किटलीत घालून गावातल्या डेअरीवर न्यायचं. तिथं दूध घेतो तो नात्यानं माझा पुतण्या. तो जरासं दूध यंत्रात घालतो. दुधात लोणी किती ते यंत्र सांगतं, त्याला म्हणायचं फॅट. पाणी घातलंय का तेही कळतं, ती डिग्री. म्हशीच्या दुधाला लोणी मुळातच जास्त, त्यामुळं माझं दूध कधी अडलं नव्हतं.

गायीचं दूध नेलं त्या दिवशी डिग्री बरोबर आली आणि फॅट गायीच्या मानानंही कमी. पुतण्या मान वर न करता म्हणाला, "आबा, साय घरी ठिवून आलाय व्हय?"

रांगेत हशा पिकला. मागून कोणीतरी म्हणालं, आबांचा जावई यायचा असंल, तूप कढवायला घेतलंय. किटली भरलेली तशीच परत.

दुसऱ्या दिवशीही तेच. मी म्हणलं, यंत्र बिघडलंय. तो म्हणाला, मग बाकीच्यांचं कसं बरोबर येतंय? मी आवाज चढवला, तर त्यानं "पुढचा" म्हणून दुसऱ्याची किटली ओढली. घरी आलो तोवर माझ्याआधी बातमी वस्तीवर पोचली होती. आमची म्हातारी म्हणाली, जाऊ द्या, दही लावते. दही कसलं लावते? साय काढून खालचं दूध विकणारा म्हणून माझं नाव झालं, त्याचं काय करायचं?

तिसऱ्या दिवशी एका बाटलीत दूध भरलं आणि डेअरीवरचे कॅन न्यायला येणाऱ्या पिकअपमध्ये जाऊन बसलो. ड्रायव्हर म्हणाला, उतरा. मी उतरलो नाही.

तर पोरांनो, पिकअप गावोगावचे कॅन गोळा करत शीतकरण केंद्रावर जाते. तिथं दूध पुन्हा तपासतात आणि मोठ्या टाकीत ओतून गार करतात, नाहीतर उन्हानं दुपारपर्यंत नासायचं. पुढचं मला ड्रायव्हरनं सांगितलं. तिथून टँकर भरतो, तो प्लँटला जातो. प्लँटमध्ये दूध तापवतात, लगेच थंड करतात, पिशव्यांत भरतात. पिशव्या क्रेटमध्ये, क्रेट टेम्पोत, आणि टेम्पो तुम्ही उठायच्या आत दुकानापुढं. म्हणजे आमच्या गायीचं दूध एवढं फिरून आमच्याच गावात पिशवीतून येतं, आणि त्यात माझं कोणतं ते कोणी सांगू शकत नाही. मला त्याचाही राग आला.

केंद्रावर पांढरा कोट घातलेली एक मुलगी दूध तपासत होती. तिच्यापुढं बाटली ठेवली. आकडा तोच आला. मी म्हणलं, परत बघ. तिनं परत बघितलं. मग विचारलं, वासराला कधी सोडता? मी सांगितलं.

ती म्हणाली, "मग लोणी तुमचं वासरूच पितंय, बाबा. कासेतलं आधीचं दूध पातळ असतं, शेवटचं दाट."

मी म्हणलं, माझ्या बापाला अक्कल नव्हती का? तसं मी कुठं म्हटलं, असं म्हणून ती दुसऱ्या कॅनकडं वळली. जिथं जावं तिथं माझ्यापेक्षा पुढच्याची घाई.

रिकाम्या कॅनांसोबत घरी आलो. म्हातारी तरी माझी बाजू घेईल म्हणून सगळं सांगितलं. तिनं भाकरी थापता थापता ऐकलं.

"अवो, मंग त्याला आधी पाजा की. वासरू काय घड्याळ बघून पितंय?"

रीत मोडणार नाही म्हणलं, आणि ताट सारून उठलो. तिनं ते ताट उचलून ठेवलं, एकदाही जेवा म्हणाली नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी वासरू आधी सोडलं. एक सड पुरा त्याला दिला, पोट भरेस्तोवर ओढलं नाही. मग बाकीचे सड बोटं भरून येईपर्यंत निपटून काढले. डेअरीवर गेलो. पुतण्यानं दूध यंत्रात घातलं, आकडा बघितला, गुमान किटली ओतून घेतली आणि "पुढचा" म्हणाला. मी रिकामी किटली उचलून त्याच्या यंत्रापुढं आडवी ठेवली.

"साय घरी ठिवल्याचं मोठ्यानं बोलला हुतास. आता फॅटबी मोठ्यानं वाच."

रांगेतले ओरडायला लागले. त्यानं वाचेपर्यंत मी जागचा हललो नाही.