पडवीतली पेटी आणि धोंडीचा बेडूक

डाळिंबावर तेल्या रोग आला आणि आम्ही बाग काढायला घेतली. तेव्हापासून माझे यजमान पडवीत बसून रस्त्याकडे बघायचे आणि काहीही विचारलं की फक्त ‘हं’ म्हणायचे. माझी गावात पिठाची गिरणी आहे. दिवसभर गिऱ्हाइकांची बडबड ऐकून घरी आल्यावर ते ‘हं’ मला नकोसं व्हायचं.

शेवटच्या ओळीतली झाडं उपटताना एका बुंध्याखाली, हातभर खोल, यांना बेडूक सापडला. गोल, मातकट, डोळे मिटलेला. हे टोपीत घालून घेऊन आले तेव्हा मला वाटलं, बटाटे आणले. त्या दिवशी हे जेवताना सलग बोलले. विषय बेडूकच होता, पण बोलले. तेव्हा मी काही हरकत घेतली नाही. पाऊस पडला की त्याला शेतात सोडायचं, एवढं कबूल करून घेतलं. सासूबाईंनी मात्र विचारलं, “ह्येच्यासाटी बी आता पाट मांडायचा का?”

राहात्याच्या नणंदेकडे माशांची काचेची पेटी धूळ खात पडली होती. हे ती एसटीत मांडीवर घेऊन आले. तिच्यात निळे खडे आणि प्लॅस्टिकचं एक माडाचं झाड होतं. यांनी पेटी धुतली, गळ्यापर्यंत पाण्यानं भरली आणि बेडूक आत सोडला. मी गिरणी बंद करून आले तर बेडूक त्या माडाला मिठी मारून बसला होता.

“हा विहिरीतून काढला होता का?” मी विचारलं.

यांनी पाणी उपसलं आणि माती भरली. पण मातीत खत न घालता हात थांबेल तो शेतकरी कसला. अर्धं घमेलं शेणखत मिसळलं. संध्याकाळपर्यंत पेटी चांगली गरम झाली, काचेवर वाफ धरली आणि बेडूक पुन्हा माडावर. सासूबाई म्हणाल्या, बेडकाला न्हाणीघर बांधलं वाटतं.

तिसऱ्या खेपेला यांनी बांधाकडची माती आणली आणि माझ्या गिरणीतल्या चाळणीनं चाळली. हे मला दोन गिऱ्हाइकांकडून कळलं. दोघींनीही आपलं पीठ घरी जाऊन पुन्हा चाळलं होतं. त्यानंतर खरं काम सुरू झालं. गावच्या पाणलोट समितीबरोबर हे एकदा हिवरे बाजारची कामं बघून आलेत. तेव्हापासून उतार दिसला की यांना त्याला आडवा चर खणावासा वाटतो. पेटीत एका बाजूला टेकडी झाली. टेकडीवर चमच्यानं चर खणले गेले. खाली काड्यापेटीतल्या काड्यांचा बंधारा आणि पायथ्याला लोणच्याच्या बरणीचं झाकण पुरून पाझर तलाव. टेकडीच्या माथ्यावरून वाटीभर पाणी ओतलं की ते एकेका चरात जिरत जाई आणि झाकणात थेंबभरही येत नसे. हे खूश होऊन बघत बसायचे. बेडकानं राहायचं कुठे, हे त्या आराखड्यात नव्हतं.

शेवटी मीच मोबाईलवर शोधलं. मातीतला बेडूक होता, त्याला माती हवी. खाली खडी आणि कोळशाचे तुकडे, वर वीतभर भुसभुशीत माती, एक बाजू ओलसर, एक कोरडी. ऊन नको. नळाच्या पाण्यात जंतुनाशक पावडर असते, म्हणून ते माठात शिळं करून शिंपडायचं. वर जाळीचं झाकण. झाकण म्हणून ती चाळणीच दिली; आता पिठाला ती वापरण्यात अर्थ नव्हता. टेकडी मोडायला यांनी फार कुरकुर केली. पाझर तलाव तेवढा ठेवू दिला.

बेडकाला सोडल्याबरोबर त्यानं मागच्या पायांनी माती उकरायला सुरुवात केली आणि आमच्याकडे तोंड ठेवून, मागच्या मागे, सभेतून सटकणाऱ्या सदस्यासारखा खाली निघून गेला. मग तो दिसेना. रोज दिवेलागणीला नाकापुरता वर यायचा, यांनी दिव्याखालून गोळा केलेले किडे गट्ट करायचा आणि परत खाली. पण यांनी गावभर निमंत्रणं दिलेली. लोक यायचे, पेटीभर माती बघायचे, चहा प्यायचे आणि छान आहे म्हणून जायचे.

पाऊस लांबला. जून सरला तरी ढग नुसतेच यायचे आणि जायचे. मग आमच्याकडच्या बायका धोंडी काढायच्या तयारीला लागल्या. धोंडी म्हणजे बेडूक काठीला उलटा बांधायचा, भोवती कडुलिंबाचा पाला, आणि ताटं वाजवत घरोघर फिरायचं. प्रत्येक दारात काठीवर पाणी ओतायचं आणि पाऊस मागायचा. अडचण एवढीच होती की ओढा, विहिरी, सगळं कोरडं. गावात बेडूक उरला नव्हता. आणि एक बेडूक कुठे आहे हे यांनी सगळ्यांना चहा पाजून सांगितलेलं होतं.

शेजारच्या मावशी धोंडीच्या पुढारी. त्या सकाळीच पडवीत येऊन बसल्या आणि आमचा बेडूक मागितला. यांनी मान डोलावली. समितीचा माणूस पाऊस मागणाऱ्या बायकांना नाही कसं म्हणणार? मान डोलावून हे रस्त्याकडे बघायला लागले. मी ते बघितलं. दिवसभर उन्हात काठीला बांधलेला बेडूक संध्याकाळी जिवंत सुटत नाही, हे सगळ्यांनाच माहीत असतं. त्याच्यामागे पुन्हा ते ‘हं’ सुरू होणार हेही मला दिसत होतं.

“मावशी, त्याला तर परवाच मळ्यात सोडला,” मी म्हणाले.

मावशींनी पेटीत वाकून बघितलं. माती होती. “मंग ह्यो तुझा मालक मान कशाला डोलवतुय?”

“त्यांना सांगायचं राहिलं.”

यांनी ताबडतोब दुःखी चेहरा केला. इतकं चांगलं काम यांच्याकडून मी अपेक्षिलं नव्हतं.

बायकांनी मग ओल्या चिकणमातीचा बेडूक केला, त्याला ज्वारीच्या दाण्यांचे डोळे लावले आणि तो बांधून फिरवला. आमचं घर आळीच्या टोकाला, म्हणून शेवटी आमच्याकडे आल्या. घरोघरच्या पाण्यानं त्या बेडकाचं तोंड वाहून गेलं होतं. ताटं जोरात वाजत होती, बायका पडवीत उड्या मारत होत्या, फरशी थरथरत होती. यांच्या मनात अपराधीपणा दाटलेला असावा, कारण यांनी तांब्याऐवजी हंडा उचलला. अर्धा हंडा मावशींच्या डोक्यावर गेला आणि अर्धा, चाळणीतून, पेटीत.

बायका चहाला बसल्या. मी कप देत होते आणि पेटीची माती हलली.

आधी एक भेग पडली. मग नाक. मग दोन डोळे. ताटांचा आवाज त्याला गडगडाट वाटला असणार, त्यात हे पाणी. बेडूक पूर्ण वर आला, पाझर तलावात जाऊन बसला आणि गळा फुगवून ओरडला. मी त्याचा आवाज कधीच ऐकला नव्हता. नेमका तेव्हा ऐकला.

मावशींनी कप खाली ठेवला. “परवा सोडला म्हनलीस ना गं मळ्यात?”

हे खांबाला टेकून उभे होते आणि पेटीकडे बघत होते. मावशी काठीची सुतळी सोडायला लागल्या.

इतका वेळ सासूबाई उंबऱ्यात बसून वाती वळत होत्या. त्यांनी वर न बघता विचारलं, “धोंडी कशासाटी काडतो आपन?”

“पानी पडावं म्हनून, आत्याबाई.”

“पानी पडलं की बेडूक वर येतो. तुमी पानी घातलं, त्यो आला, वरडला. मान्य झालं म्हनायचं. आता त्येलाच बांदून उलटं टांगलं तर वर काय निरोप जाईल?”

मावशी सुतळी हातात धरून विचार करत राहिल्या. मग त्यांनी सुतळी पुन्हा मातीच्या बेडकालाच गुंडाळली आणि आतून हळदकुंकू मागवलं. माझ्या चाळणीला कुंकू लागलं. यांनी सगळ्यांसाठी आणखी एकेक चहा करायला सांगितला आणि, मावशींना पाझर तलाव समजावत, हे खूप बोलले.

बायका गेल्यावर मी सासूबाईंपाशी जाऊन बसले. त्यांनी वातींचं ताट माझ्याकडे सरकवलं.

“पुन्यांदा खोटं बोलायचं आसंल,” त्या म्हणाल्या, “तर आदी पेटीवर गोदडी टाकीत जा.”

दुसऱ्या दिवशी मावशी गिरणीत आल्या. दळण नव्हतं. पदराआडून त्यांनी काड्यापेटी काढून माझ्या हातात दिली. आत वाळवी वळवळत होती. पाऊस येईपर्यंत बेडकाला उपाशी ठेवू नका, असं बजावून त्या गेल्या आणि संध्याकाळपर्यंत गिरणीत तशा आणखी काड्यापेट्या जमल्या.